बंबखान्याचा पहिला रंग

दारावर टकटक झाली तेव्हा ठमी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होती. नाकात धूळ, केसांत जुन्या रंगाचे पापुद्रे आणि हातात एक छोटीशी सुरी.

टक टक. टक.

"कोण आहे?" तिने विचारलं.

बाहेरून उत्तर आलं, "मी."

"मी कोण?"

"ते सांगून तुम्हाला काही उलगडेल असं वाटत नाही."

"मग आत या ना."

"दार उघडलं तर येतो."

"हे दार सतरा वर्षांत उघडलेलं नाही."

"म्हणून तर ठोठावतोय."

आणि पुन्हा टक टक. आधी वर, मग खाली, मग डावीकडे. चक्रमच दिसतोय कुणीतरी, ठमीला वाटलं. ती खाली उतरली, बाजूच्या चिंचोळ्या दारातून बाहेर पडली आणि इमारतीला वळसा घालून पुढे आली. तिथे एक तरुण दाराला कान लावून, डोळे मिटून उभा होता. एका हाताच्या बोटांनी तो लाकडावर वाजवत होता, दुसऱ्या हातात खडू.

"श्श," तो डोळे न उघडताच म्हणाला. "इथे भरीव." टक. "इथे… पोकळ." त्याने खडूने तिथे गोल काढला. मग डोळे उघडले, आणि समोर ठमी. रंगाच्या पापुद्र्यांसकट.

"आतल्या तुम्हीच वाटतं?"

"आणि बाहेरचे तुम्ही."

"मी सुतार. इथली दारंखिडक्या माझ्याकडे आहेत."

"मला वाटलं कुणी भेटायला आलंय."

"भेटायलाच आलोय," तो म्हणाला. "दाराला." आणि हसला… एका बाजूने जरा जास्त, दुसऱ्या बाजूने जरा कमी. असं वाकडं हसू सरळ माणसाच्या तोंडावर फार वाईट दिसतं. म्हणजे फार चांगलं दिसतं. ठमीने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं: सुतारपक्षी.

आता ही दोघं तिथे काय करत होती ते सांगायला हवं. ती इमारत म्हणजे शहराचा जुना बंबखाना, आग विझवायचे बंब उभे करायची जागा. चार बंबांसाठी चार दारं, एकेक दार दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी डोकं आपटू नये इतकं उंच. बाजूला एक मनोरा, ओले पाइप वाळत घालायला. वरच्या मजल्यावरून सर्रकन खाली यायला पितळी खांब. नवीन केंद्र दुसरीकडे झालं, बंब गेले, आणि कबुतरं मात्र खुशाल राहायला आली. आणि जुन्या इमारती वाचवायला धडपडणारं एक मंडळ होतं, त्याचं स्वतःचं कार्यालय सायकलच्या दुकानावरच्या दोन गळक्या खोल्यांत. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. शेवटी मंडळाने ठरवलं की बंबखाना दुरुस्त करायचा आणि तिथेच राहायला जायचं.

ठमी एकवीस वर्षांची. इमारती जतन करायचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि मंडळात सहा महिने उमेदवारी चालू होती. तिचं खरं नाव कागदोपत्री कुठेतरी होतं, पण बाबा जन्मापासून ठमी म्हणायचे आणि बाबाच इथले रंगारी असल्यामुळे आठवड्याभरात सगळा बंबखाना ठमी म्हणू लागला. "बाप रंग लावतो आणि पोर खरवडते," आत्या घरी म्हणायची, "एका छपराखाली कसे नांदता रे तुम्ही?"

कारण ठमीचं काम खरवडायचंच होतं. बंबखान्याच्या दारांना सगळ्यात पहिला रंग कोणता होता, हे तिने शोधायचं. एक थर हलकेच काढायचा, त्याची बोटभर पायरी ठेवायची, मग खालचा थर, त्याची पायरी… असा रंगांचा एक चिमुकला जिना तयार होतो. तो उतरत उतरत लाकडापर्यंत जायचं. तळाशी जो रंग सापडेल तोच सगळ्या दारांना लागणार होता. आणि उद्घाटन झालं की ठमीला कायम ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. अध्यक्षबाईंनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. अध्यक्षबाई एकेकाळच्या गणिताच्या बाई, त्यांना सगळं स्पष्टच सांगायची सवय.

"लाल असणार," सगळे म्हणत होते. "बंबखाना म्हणजे लाल. खरवडायचं काय त्यात?"

पहिले दोन थर लालच निघाले. मग करडा. मग चॉकलेटी, पुन्हा लाल, पुन्हा करडा. नववा थर निघाला त्या दिवशी सुतारपक्षी शिडी धरून उभा होता. शिडी धरायची काहीएक गरज नव्हती, ती भिंतीला बांधलेली होती. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही विषय काढला नव्हता.

"काय दिसतंय?" खालून प्रश्न आला.

"गप्प बसा. हात हलेल."

"मी बोललो की तुमचा हात हलतो?"

"…धूळ खा जरा."

अकराव्या थराखाली लाकूड होतं. आणि लाकडाला चिकटून, सगळ्यांच्या आधीचा, तो अकरावा रंग होता. ठमीने भिंग लावलं. श्वास रोखला. लाल नाही. करडा नाही. पावसाळ्यातल्या भिंतीवर येतो तसा, शेवाळी हिरवा.

"हिरवा!" ती ओरडलीच. दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली आणि आनंदाच्या भरात तिने मिठी मारली… शिडीला. आता शिडी दुसऱ्या बाजूने सुतारपक्ष्याने धरलेली होती, त्यामुळे त्या मिठीतली थोडीशी त्याच्याही वाट्याला आली. दोघांच्या मध्ये एक पायरी होती. लाकडाची, चार बोटं जाडीची. ठमीला ती पायरी पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली.

मग काय, एकच धमाल. मंडळाच्या बैठकीत ठमीने उभं राहून "शेवाळी हिरवा" असं जाहीर केलं तेव्हा सगळे एकदमच बोलू लागले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला, म्हणजे खूश झाल्या. बाबांनी नमुना बघत बघत चार डब्यांतून रंग मिसळला, आणि तो इतका तंतोतंत जमला की नमुन्याशेजारी ठिपका दिला तर ठिपका दिसेना. पहिलं दार झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. चौथ्या दाराची खालची फळी कुजली होती, म्हणून सुतारपक्ष्याने ते रंग सापडला त्याच आठवड्यात उतरवून मागच्या अंगणात सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं, भर उन्हात. ठमीचा अकरा पायऱ्यांचा जिना याच दारावर होता.

ते तीन आठवडे ठमी चालत नव्हतीच, तरंगत होती. सकाळी रिकाम्या दालनात शिरलं की तुळयांमधून उन्हाच्या पट्ट्या खाली येत, ताज्या भुशाचा वास येई, आणि कुठूनतरी टक टक. चहाच्या वेळी सुतारपक्षी अंगणातून हात पुसत येई. एकदा त्याने तिच्या डोक्यावरच्या हेल्मेटवर दोन बोटं वाजवली, कान जवळ नेला आणि गंभीरपणे म्हणाला, "पोकळ."

"स्वतःच्या डोक्यावर वाजवून बघा आधी."

"बघितलं. हल्ली तिथे एकच विचार आहे. आवाज घुमतो."

"कसला विचार?"

"कुजलेल्या फळ्यांचा," तो म्हणाला, आणि चहा सांडला. फळ्यांच्या विचाराने कुणाचा चहा सांडतो का हो? ठमी त्या दिवशी घरी जाताना एकटीच हसत होती. आत्या म्हणाली, "हिला ऊन लागलंय."

उद्घाटनाला आठ दिवस उरले. शनिवारची दुपार. अहवालात लावायला त्या जिन्याचा फोटो हवा, म्हणून ठमी अंगणात गेली. दारावर, नेमकी जिन्याच्या जागी, एक फळी ठेवलेली. फळीवर हत्यारांची पेटी. पेटीवर सुतारपक्ष्याचा सदरा, घडी घालून. सदऱ्याची घडी घालणारा माणूस तो नव्हता.

"ते… ते नका उचलू," तो मागून म्हणाला.

"का?"

"जड आहे."

"सदरा?"

ठमीने सदरा उचलला, पेटी सरकवली, फळी बाजूला केली.

लाल, लाल, करडा, चॉकलेटी… सगळ्या पायऱ्या जागच्या जागी. फक्त शेवटची पायरी हिरवी नव्हती. ती निळी होती. फिकट, स्वच्छ, धुवून वाळत घातलेल्या आभाळासारखी निळी.

"तुम्ही काही लावलंत याच्यावर?"

"मी काहीच केलं नाही. ऊन लागत होतं फक्त."

ठमी दारावर वाकली. तिला एक पुस्तक आठवलं, त्यातलं उजवीकडचं पान, आणि त्या पानावरची एक ओळ. तेलरंग वर्षानुवर्षं दुसऱ्या थरांखाली झाकून राहिला की पिवळा पडतो, म्हणून उघडा केल्यावर त्याला काही आठवडे उजेडात ठेवावं आणि मगच रंग ठरवावा. ही ओळ तिने वाचली होती. परीक्षेच्या आधी दोनदा अधोरेखित केली होती. आणि निळ्यावर पिवळा चढला की हिरवा दिसतो, हे तर पहिलीतलं पोरही सांगेल. नववा थर, दहावा थर, अकरावा, आणि मग तिला धीरच राहिला नव्हता. त्याच संध्याकाळी तिने रंग जाहीर करून टाकला होता.

"कधी बघितलंत हे?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"हो."

"आणि तू झाकून ठेवलंस?"

तो दचकला. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती, आणि तेही अशा आवाजात.

"त्या दारांकडे बघताना तुमचा चेहरा…" तो चाचरला. "रोज सकाळी तुम्ही आत येता, दारांकडे बघता, आणि तुमचा चेहरा असा काही होतो की… मला वाटलं, अजून एक दिवस. मग अजून एक. सांगणारच होतो."

"माझं काम आहे हे! माझ्या कामातली चूक झाकायची की उघडी करायची ते तू कोण ठरवणार?"

"कोणीच नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "चुकलं माझं."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने असं पटकन कबूल केलं की फार पंचाईत होते. ठमी तरातरा निघून गेली आणि मनोऱ्याच्या जिन्यावर जाऊन बसली.

तिथे बसून तिच्या मनात जे आलं ते तुमच्याआमच्याही मनात आलं असतं. हे कुणालाही कळणार नाही. हिरवी दारं सगळ्यांना आवडलीत. चौथं दार हिरवं रंगवलं की जिनाही झाकला जाईल, आणि तिची जागा पक्की. बोलली, तर मंडळ म्हणेल, हिला साधा रंग ओळखता येत नाही. आणि बाबा? त्यांचे गुडघे शिडीवर कुरकुरतात. तीन दारं पुन्हा?

मनोऱ्याच्या झरोक्यातून खालचा रस्ता दिसत होता. बाबा पहिल्या दारापाशी उभे होते, आणि एक अनोळखी माणूस त्यांना काहीतरी विचारत होता.

"अहो, हाच खरा रंग," बाबांचा आवाज वरपर्यंत आला. "अगदी पहिला. माझ्या लेकीने शोधून काढलाय. ती म्हणाली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

ठमी उठली. चार वाजता बैठक होती.

खालच्या दालनात, जिथे पूर्वी बंब उभे राहायचे, तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. मंडळाची पंधरा-वीस माणसं, कोपऱ्यात बाबा, दारापाशी सुतारपक्षी. अध्यक्षबाई उद्घाटनाच्या तयारीबद्दल बोलत होत्या. ठमी उभी राहिली. आवाज निघाला तो खणखणीत. तिलाच नवल वाटलं.

"दारांचा रंग चुकलाय," ती म्हणाली. "म्हणजे मी चुकले. पहिला रंग हिरवा नाही, निळा आहे. झाकून राहिल्यामुळे तो पिवळा पडला होता. तीन आठवडे उजेडात ठेवून मग ठरवायला हवं होतं. मला हे माहीत होतं, मी घाई केली. बाबांची काही चूक नाही, त्यांनी मी सांगितलं तेच मिसळलं."

बाबांनी खिशातून फडकं काढलं आणि उगीचच हात पुसू लागले.

"मीही," दारापाशी आवाज आला. सुतारपक्षी पुढे आला होता. "मला मंगळवारी दिसलं होतं. मी त्यावर फळी ठेवली. मी तेव्हाच बोललो असतो तर चार दिवस वाचले असते."

"फळी का ठेवलीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ऊन… ऊन लागू नये म्हणून."

"कुणाला?"

"दाराला." तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे दाराला, आणि…"

"कळलं. बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. अडतीस वर्षं वर्गात कोण कुणाकडे बघतंय हे पाठमोरं असतानाही ओळखलेल्या बाई त्या. मग त्यांनी ठमीकडे बघितलं. "माझ्या वर्गात उत्तर चुकलं तर खाडाखोड करायची नाही असा नियम होता. चुकीच्या उत्तरावर एक रेघ मारायची, ते वाचता आलं पाहिजे, आणि खाली बरोबर उत्तर लिहायचं. आठ दिवस आहेत. किती हात लागतील हो, रंगारीबुवा?"

"दोन हात प्रत्येक दाराला," बाबा म्हणाले. "आधी घासून घ्यावं लागेल. एकट्याने नाही व्हायचं."

"एकट्याने कोण म्हणतंय? सोमवारी सकाळी सगळ्यांनी जुने कपडे घालून यायचं. आणि तिसऱ्या दाराच्या आतल्या बाजूला वीतभर हिरवी पट्टी तशीच ठेवायची. शेजारी लिहायचं, हे का चुकलं. ते कोण लिहिणार?"

"मी लिहीन," ठमी म्हणाली.

"आमच्याकडे राहायचं असेल तर नीट लिही. इथल्या नव्या कार्यालयाच्या कपाटात पहिला कागद तोच लागेल."

'राहायचं असेल तर'! ठमीला ते शब्द दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटले, पण बाई पुढच्या विषयावर गेल्या होत्या.

पुढचे दिवस कसे गेले ते कुणाला सांगता येणार नाही. खजिनदार काका पॉलिश पेपरने दार घासता घासता स्वतःची नखं घासून बसले. निवृत्त डॉक्टरीणबाई मास्क लावून शिडीवर चढल्या आणि उतरायलाच तयार होईनात. बाबांनी निळा मिसळला, या वेळी अंगणात, भर उन्हात, ठमीला शेजारी उभी करून. "ठमे," ते म्हणाले, "त्या बैठकीत तू बोललीस ना, तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. आणि मग वाटलं, खुर्चीवर उभं राहून सांगावं की ही माझी पोर." एवढं बोलून त्यांनी डबा ढवळायला घेतला. एवढा वेळ ढवळला की रंगाला चक्कर आली असेल.

सुतारपक्षी चौथं दार घेऊन आला, नवीन फळी बसवलेलं. सगळ्यांनी मिळून ते उचलून बिजागऱ्यांवर चढवलं. त्याच्याशी ठमी कामापुरतंच बोलत होती. "कानस दे." "बाजूला हो." पण 'तू' मात्र तिने परत घेतलं नव्हतं, आणि ते त्याच्या लक्षात आलेलं दिसत होतं, कारण "बाजूला हो" म्हटलं तरी तो हसायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची दुपार. चौथ्या दाराचा दुसरा हात नुकताच मारून झाला होता. बाकी सगळे जेवायला गेले होते. वरच्या चौकटीची कड तेवढी राहिली होती, ती बाबा शिडीवर बसून करत होते. खाली ठमी आणि सुतारपक्षी ब्रश धूत बसले होते.

"इथलं झालं की कुठे?" ठमीने ब्रशकडे बघत विचारलं.

"सोमवारी निघायचंय. तीन तासांवर एक जुनी शाळा आहे. चाळीस खिडक्या."

"चाळीस…" तिच्या हातातला ब्रश जरा थांबला. "किती दिवस लागतील?"

"एकट्याने केल्या तर सहा महिने. रंग खरवडायला कुणी सोबत असेल तर वर्ष."

"सोबत कुणी असलं तर काम लवकर व्हायला हवं ना?"

"मग संपवायची घाई कुणाला असते?"

ठमीच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. त्याने मान खाली घातली, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "तू अजून रागावली आहेस का?"

"हो," ती म्हणाली. "म्हणजे… अर्धी. मी चुकले तर मला सांगायचं. लगेच. मी रडले तरी चालेल."

"सांगेन."

"मंगळवारी कळलं तर मंगळवारीच."

"मंगळवारीच." तो थांबला. "मग एक गोष्ट फार दिवस सांगायची राहिलीय. ती मला पहिल्याच दिवशी कळली होती. तू बाजूच्या दारातून आलीस ना, तेव्हा मी…"

"थांब," ठमी उभी राहिली. तिचं काळीज इतक्या जोरात वाजत होतं की कुणीतरी आतून ठोठावतंय असं वाटावं. पण बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहिल्यापासून तिला एक गोष्ट कळून चुकली होती: तोंड उघडेपर्यंतच भीती असते. "मी आधी सांगते. मला तू आवडतोस. तुझं ते टकटक करणं आवडतं, वाकडं हसणं आवडतं, आणि तू शिडी धरायचास ना उगीचच, ते सगळ्यात जास्त आवडतं. झालं."

सुतारपक्षी एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. आणि मग धप्पकन, पाठ, खांदे, डोक्याची मागची बाजू, सगळ्यांसकट तो ओल्या दाराला टेकला.

"अरे!" शिडीवरून बाबा ओरडले. दोघंही त्यांना साफ विसरले होते. बाबांनी वाकून बघितलं. दार बघितलं, त्याची पाठ बघितली, लेकीचा चेहरा बघितला. आणि एक मोठा उसासा सोडला.

"आवडतो तर आवडतो," ते म्हणाले. "पण दाराचा एक हात गेला ना याच्या पाठीवर."

"काका, मी… हलू का नको?" त्याने भीत भीत विचारलं. डोळे मात्र ठमीवरून हलत नव्हते.

"आता हललास तर सगळंच पुसेल," बाबा म्हणाले, आणि पुन्हा चौकटीकडे वळले. त्यांची पाठ हसत होती.

ठमी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. अगदी समोर. या वेळी मध्ये शिडी नव्हती.

"वाळायला किती वेळ लागतो याला?" त्याने हळूच विचारलं.

"अठरा तास."

"थांबतो," तो म्हणाला.